ओळीच्या आधी येणारा आवाज

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण वाचते ते हसायला. कुणाच्या गाडीत अनोळखी प्रवासी, कुणाच्या मागे पांढरी साडी... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि चहा पिता पिता दोघांनी त्यातल्या चुका काढायच्या, हा आमचा रविवारचा उद्योग. मी कॉमर्स शिकवते. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्याशिवाय मला घास उतरत नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचं हसू सगळ्यांत आधी नवऱ्याला यायला हवं होतं. त्याला येत नाहीये. कारण ते रेकॉर्डिंग त्यानेही ऐकलंय.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची नोकरी म्हैसूरला, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात. चार वर्षं काढू आणि परत जाऊ म्हणत आलो, ते बोगादीला घर बांधून बसलो. इथल्या एका खाजगी कॉलेजात मी बी.कॉम.ला अकाउंट्स शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी ‘एज्युकेशनल व्हिजिट’ला न्यावं लागतं. एरवी आम्ही एखादा कारखाना दाखवतो. हे घडलं त्या वर्षी कारखान्याने ऐनवेळी नाही म्हटलं आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी ठरवलं की मुलांना विद्यापीठाचं ग्रंथालय दाखवायचं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. गाढवाला गुळाची चव काय, असं मी तेव्हा स्टाफरूममध्ये म्हणालेही.

फेब्रुवारीची सकाळ होती. विद्यापीठाच्या आवारात मोठमोठी झाडं आहेत, त्यांच्या सावलीतून आमची वरात चालली होती. पुढे दंगा करणारी मुलं, मागे मी, आणि माझ्या बाजूने वैष्णवी.

वैष्णवीबद्दल सांगायला हवं. तिचं घराणं म्हैसुरातलं जुनं मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, शिवणकाम करणारे, घरात विठ्ठल. घरी मराठीच बोलतात, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. ती वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि कधी तोंड उघडायची नाही. आधीच्या दिवाळीनंतर तिची आई गेली. साधा ताप म्हणून घरीच औषध घेत राहिल्या, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्यानंतर ही मुलगी कॉलेजात यायची, न यायची. मी तिची मेंटॉर, म्हणजे हजेरी कमी पडली की बोलावून झापायचं काम माझं. मी तिला बोलावलं होतं, पण झापायला काही जमलं नाही. ती समोर बसून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

त्या सकाळी मात्र ती आपणहून बोलली.

“मॅडम, एक विचारू?”

“विचार की.”

“तुम्हाला तुमच्या आईचा आवाज डोक्यात ऐकू येतो?”

माझी आई सांगलीला आहे, ठणठणीत आहे आणि रोज फोन करते. मी म्हणाले, “येतो. नको तेव्हाही येतो.”

ती हसली नाही. “मला येत नाही मॅडम. मुख दिसतं, हात दिसतात, पण आवाज येत नाही. आठवायला गेले की माझाच आवाज येतो.”

“फोनमध्ये असेल की. एखादा व्हिडिओ...”

“सगळं बघितलं. तिचा फोन बटणांचा होता. लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, पण वरून सगळा बँड. बाकी ठिकाणी माझा फोन तिनेच धरलेला, पण बोललेली नाही. अप्पा म्हणतात, मला पण नीट आठवत नाही. एवढी वर्षं रोज ऐकलं, असं कसं जाईल मॅडम?”

मी “येईल हळूहळू,” असं काहीतरी म्हणाले. म्हणताना माझं मलाच ते किती फोल वाटलं! तेवढ्यात पुढे दोन मुलं कुणाच्या तरी स्कूटरवर बसून फोटो काढताना दिसली आणि मी ओरडत तिकडे धावले.

ग्रंथालय बघून झालं. वाचनालय, मासिकं, कपाटंच कपाटं. शेवटी आम्हाला तळमजल्यावर मागच्या बाजूला नेलं. तिथे दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विभाग आहे. तिथल्या सरोजम्मा म्हणून बाईंनी कन्नडमधून माहिती दिली. बाहेरचे लोक येतात, पुस्तकं मोठ्याने वाचतात, ती रेकॉर्ड करून मुलांना ऐकायला देतात. वाचायला काचेचं दार असलेल्या दोन छोट्या खोल्या आहेत. खोल्या कसल्या, पेट्याच. आत एक टेबल, खुर्ची आणि माईक. पंखासुद्धा नाही, कारण त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. नियम थोडेच : एका पुस्तकाला एकच वाचणारा, नाटकी वाचायचं नाही, आणि चुकलं की ती ओळ पहिल्यापासून परत घ्यायची. आमच्या मुलांनीही थोडं थोडं वाचून द्यावं, असं त्यांनी सुचवलं. मुलांना ते आवडलं. कन्नड आणि इंग्रजी पुस्तकांसाठी एका पेटीपुढे लगेच रांग लागली.

मी कुणाला तरी मराठीत शिवी हासडली असणार (कन्नड शिव्या मला अजून जमत नाहीत), कारण कोपऱ्यात बसलेला एक तरुण एकदम माझ्या दिशेने वळला.

“मॅडम, तुम्ही मराठी?”

त्याचं नाव संतोष. खानापूरकडचा. जन्मापासून दिसत नाही. इतिहासात संशोधन करत होता. त्याच्या मांडीवर एक जुनं पुस्तक होतं, मुखपृष्ठ कधीच गेलेलं. कोणे एके काळी एका मराठी शाळामास्तराने म्हैसूर संस्थानात प्रवास केला, त्याचं वर्णन. त्यातलं तलकाडवरचं प्रकरण संतोषला हवं होतं. तलकाड इथून जवळच आहे, कावेरीच्या काठी, जिथे देवळं वाळूत गाडली गेली आहेत. पुस्तकाची छपाई इतकी पुसट की कॉम्प्युटरला ती वाचता येत नव्हती, आणि तिथे वाचायला येणारे सगळे कन्नड.

“कधीपासून हातात घेऊन बसलोय मॅडम,” तो म्हणाला. “पुस्तक आहे, वाचणारं माणूस नाही.”

मीच वाचायला हवं होतं. पण घसा बसला होता आणि पोरांवरून नजर काढायची सोय नव्हती. मी वैष्णवीला हाक मारली. “तू वाच गं. मराठीच आहेस ना.”

“मॅडम, ते...” ती काहीतरी म्हणत होती. मी पुस्तक तिच्या हातात दिलं, प्रकरण काढून दिलं आणि तिला आत ढकललं.

सांगलीत मराठी बोलणारा मराठी वाचतो, यात विचार करण्यासारखं काय आहे? मी तेच धरून चालले होते. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं की या जुन्या घरांमधली माणसं मराठी बोलतात, अभंग म्हणतात, पण शिकतात कन्नड. त्यांचे अभंगसुद्धा कन्नड अक्षरांत लिहिलेले असतात. हे मला नंतर कळलं.

काचेतून मला ती दिसत होती. मान खाली, बोट ओळीवरून सरकतंय, ओठ हलतायत. थोडी थांबायची, परत सुरू करायची. त्या पेटीत एका माणसाचे गुडघे जेमतेम मावतात, हे मुद्दाम सांगून ठेवते. मी मधूनमधून बघत होते आणि ती एकटीच होती.

बरंच वाचून ती बाहेर आली. घामाने निथळत होती.

“झालं?”

“झालं बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे काय?”

“माहीत नाही मॅडम. वाचतेय असं वाटलंच नाही. शाळेत बाई पुढे म्हणतात आणि आपण मागून म्हणतो ना... तसं काहीतरी.”

मला वाटलं, आत उकडून हिला ग्लानी आली असणार. तिला पाणी दिलं आणि विषय संपला.

काही दिवसांनी सरोजम्मांचा फोन आला. सूर तक्रारीचा. तुमच्या मुलीने नियम मोडला, आत दोघी बसून वाचलंय. मी म्हटलं, अहो मी स्वतः काचेतून बघत होते, एकटीच होती. त्या म्हणाल्या, येऊन ऐका. मला राग आला. लेक्चर संपवून भर दुपारी तणतणत गेले.

संतोष तिथेच होता. तो बिचारा फार अदबीने बोलला. “मॅडम, वाचन चांगलंच आहे. पण त्या मागच्या बाईंना काढता येईल का? प्रत्येक ओळ दोनदा ऐकावी लागते.”

“कुठल्या बाई?”

त्याने हेडफोन माझ्या हातात दिला.

पहिल्यांदा एका बाईचा आवाज आला. वैष्णवीचा नव्हे. वयाने मोठ्या बाईचा, नाक चोंदलेलं, खालच्या पट्टीतला. “तलकाड येथे पोहोचता पोहोचता सायंकाळ झाली.” मग एक बारीकसं “हं”. आणि मग वैष्णवीचा आवाज, तीच ओळ, शब्दाला शब्द. पुन्हा त्या बाई, “देवळांची शिखरे तेवढी वाळूबाहेर दिसत होती.” हं. पुन्हा वैष्णवी. सगळं प्रकरण असंच! एक जण पुढे सांगतेय आणि दुसरी मागून म्हणतेय. मध्ये एका जोडाक्षराशी वैष्णवी अडखळली, तिथे त्या बाईंनी पुस्तक सोडून आपलं बोलणं घातलं होतं. “घाई कशाला? अर्ध्यातनं नको धरू बाळा. पयल्यापासनं घे.” आणि वैष्णवीने ती ओळ पहिल्यापासून घेतली.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.  तरी डोकं चालवायची सवय जात नाही. शेजारच्या पेटीतला आवाज म्हणावा तर तिथे मुलं इंग्रजी आणि कन्नड वाचत होती. घुमणारा आवाज म्हणावा तर तो मागून येतो, आधी येत नाही. पोरीनेच दोन आवाज काढले म्हणावं तर काही ठिकाणी तिचा शेवटचा शब्द संपायच्या आत त्या बाईंचं “हं” ऐकू येत होतं. एका तोंडातून दोन्ही एकाच वेळी कसं निघणार?

“नोडी मॅडम,” असं म्हणत सरोजम्मांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. आवाज आला की पडद्यावर त्याची चढउतार असलेली रेघ दिसते. वैष्णवी बोलत होती तिथे ती दिसत होती. त्या बाई बोलत होत्या तिथे रेघ सपाट होती. कॉम्प्युटरच्या हिशेबात तिथे काहीच नव्हतं. आणि आम्ही तिघंही ते ऐकत होतो.

मी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, घरी आले. नवऱ्याला काही न सांगता ऐकवली. वैष्णवीच्या घरचं त्याला काही माहीत नव्हतं, मुलांच्या घरच्या गोष्टी मी घरी आणत नाही. तो ऐकत राहिला आणि सहज म्हणाला, “आई शिकवतेय वाटतं हिला?”

त्या दिवशी मी पहिल्यांदा देवापुढे दिवा लावताना घाबरले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात वैष्णवीला बोलावलं आणि त्याच पानाची झेरॉक्स पुढे ठेवली. “वाच.” तिचा चेहरा लाल झाला. “मॅडम, मला मराठी वाचायला येत नाही. शाळेत हिंदी होतं, पास होण्यापुरतं. एक एक अक्षर लावते.” तिने लावायला सुरुवात केली. त... ल... का... ड. दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचताना तिला धाप लागली आणि तिथून पुढे काही ते सरकेना.

“मग त्या दिवशी कसं वाचलंस?”

“तेच मला पण कळलं नाही. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही.”

मी तिला परत वर्गात पाठवलं.  खात्री नसताना एखाद्या पोरीला तिच्या मेलेल्या आईची आशा दाखवणं मला पाप वाटत होतं. मी तिच्या वडिलांना आधी भेटायचं ठरवलं.

मंडईच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. दोन मशिनं, भिंतीला लटकवलेले शर्ट, कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग. पांडुरंगराव मशीनवर होते. मला बघून दचकून उठले.

“या मॅडम, कूत्कोळ्ळी. बसा, बसा. वैषूचं काय तप्पु, चूक झाली काय? हाजरी अजून कमी हाय?”

“तसं काही नाही हो. सहज आले. वैष्णवीच्या आईबद्दल विचारायचं होतं.”

ते खाली बसले. गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळत राहिले.

“ती बार्शीकडली. आमच्यात पोरी इथल्याच करतात, हिला मात्र तिकडून आणली. आली तेव्हा तिचं मराठी ऐकून सगळे हसायचे, आणि आमचं ऐकून ती. पण मराठी अक्षर नीट वाचणारी आमच्यात तीच एकटी. दुपारी देवळात बायका जमतात की, पोथी हिच्याच हातात. ही एक ओळ सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. त्या सगळ्यांना वाचायला कन्नडाच येतं, मग एन माडोदु, काय करणार?”

“ओळ संपली की काही म्हणायच्या का त्या?”

त्यांनी वर बघितलं. “‘हं’ म्हणायची. म्हणजे आता तुम्ही घ्या. कुणी अर्ध्यातून धरलं तर सोडायची नाही, मोदलिंद घ्यायला लावायची. पहिल्यापासून. बायका कंटाळायच्या.” ते जरा हसले. “आणि नाक कायम बंद. कापडाच्या धुळीनं. तुम्ही बघितलं होतं काय तिला?”

“नाही,” मी म्हणाले. आणि मला रडू आलं. अनोळखी बाईसाठी भर दुकानात मी रडले, यापेक्षा अघटित माझ्या आयुष्यात काही घडलं नसेल.

मी त्यांना सगळं सांगितलं. पेनड्राइव्हवरून मोबाइलमध्ये घेतलेलं रेकॉर्डिंग होतंच. इयरफोन त्यांच्या कानात घातले, लावलं. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बांध फुटेल, आता फुटेल...

“चांगलं वाचती की पोर,” ते म्हणाले. “हे कधी शिकली?”

“आणि तिच्या आधी? तिच्या आधी कोण बोलतंय?”

ते पुन्हा ऐकत राहिले. “कोण नाही मॅडम. ती मधी मधी थांबती, तेवढंच.”

मी एक इयरफोन माझ्या कानात घातला, दुसरा त्यांच्या. माझ्या कानात त्या बाई स्पष्ट बोलत होत्या. “देवळांची शिखरे तेवढी वाळूबाहेर...” मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. इयरफोन बदलून बघितले, आवाज वाढवून बघितला. काही नाही. त्या माणसाने इतकी वर्षं तिच्याशी संसार केला आणि त्याच्या कानात फक्त शांतता पडत होती.

वैष्णवी नेमकी तेव्हा कॉलेजातून दुकानात आली. मला आणि वडिलांना तसं बघून दारातच थांबली. “काय झालं?” आता लपवण्यात अर्थ नव्हता. वडिलांनीच सांगितलं, कन्नडमध्ये, भरभर. तिने बॅग टाकली आणि माझ्या हातातून फोन अक्षरशः ओढून घेतला.

तिने ते किती वेळा ऐकलं मला सांगता येणार नाही. सुरुवातीपासून, मधूनच, परत सुरुवातीपासून. दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि आमच्याकडे बघून निघून गेलं. शेवटी तिने इयरफोन काढले.

“तुम्हाला येतो आवाज?”

“हो.”

“आत्ता पण?”

“आत्ता पण येतो, बाळ.”

“सरोजम्मांना? त्या सरांना?”

“सगळ्यांना येतो गं.”

“मग मलाच का नाही?” ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. “माझी आई आहे ना ती?”

 पांडुरंगराव टेप गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

थोड्या वेळाने ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. “तुम्ही म्हणा,” म्हणाली. “तुमच्या कानात ती जसं म्हणते तसं म्हणा. मी डोळे मिटते.”

मी इयरफोन घातले. त्या बाई एक ओळ म्हणायच्या आणि त्यांच्यापाठोपाठ मी तशीच म्हणायचे. त्यांचा संथपणा, शेवटच्या शब्दावर पट्टी खाली आणायची पद्धत, चोंदलेलं नाक, सगळं साधायचा प्रयत्न केला. पांडुरंगराव मध्येच म्हणाले, “इतकं गोड नाही मॅडम, जरा कडक.” मी कडक केलं. ते पुन्हा म्हणाले, “आता जास्ती झालं.” त्यांनाही ते पकडता येत नव्हतं. मी जवळजवळ पानभर म्हटलं. 

वैष्णवीने डोळे उघडले.

“थँक्यू मॅडम,” ती म्हणाली. “पण हा तुमचाच आवाज आहे.”

असा पराभव माझा आजवर कुणी केला नव्हता.

हे घडून आता काही वर्षं झाली. त्यानंतर एका रविवारी वैष्णवी आमच्याकडे आली आणि म्हणाली, मला वाचायला शिकवा. मी शिकवलं. आधी बाराखडी, मग वर्तमानपत्र, मग गोष्टींची पुस्तकं. तिची डिग्री झाली, ती एका ऑडिटरकडे नोकरीला लागली, पण रविवार चुकला नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा हीच येऊन पेज करून घालायची आणि मी नको म्हटलं तर मलाच दटावायची. मॅडमची कधी मावशी झाले ते मला कळलंच नाही. नवरा म्हणतो, तू वर्गातल्या कुठल्याच पोराला इतकं घरचं केलं नव्हतंस. खरं आहे. मला मूल नाही, आणि त्याचं दुःख मी कधी केलं नाही, पण रविवारी गेटची कडी वाजली की बरं वाटतं.

दर रविवारी वाचन संपलं की ती एकच प्रश्न विचारते. “मावशी, अजून येतो ना?” मग मी इयरफोन घालून थोडं ऐकते आणि तिला सांगते, येतो. आवाज आहे म्हटल्यावर तिला पुरतं. ‘मला ऐकू येत नाही तर नाही,’ म्हणते, ‘कुठेतरी आहे ना.’ आता तिला आईचा आवाज आठवतो का, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

गेल्या महिन्यात ती यायच्या आधी मी सहज ते लावलं. वैष्णवीची ओळ आली. मग शांतता. मग वैष्णवीची पुढची ओळ. फोन बिघडला असेल म्हणून पेनड्राइव्ह लावून ऐकलं, तेच. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ग्रंथालयात गेले, मूळ रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ओळ, शांतता, ओळ. संतोष आता तिथेच काम करतो, तो शेजारी बसून ऐकत होता.

“पुसलं गेलं वाटतं,” मी म्हणाले.

“नाही मॅडम,” तो म्हणाला, “येतोय की. स्पष्ट येतोय. तुम्हाला नाही ऐकू येत?”

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इथल्या जाणकारांपैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, पण यंत्रातल्या बिघाडाचं सांगू नका, ते सगळं तपासून झालंय. तो आवाज कुठून आला, सपाट रेघेतून तो ऐकू कसा येतो, मला माहीत नाही. मला त्यातलं इतकंच कळलंय की घरच्या माणसांना तो ऐकू येत नाही. आणि हे कळल्यावर आनंद मानावा की रडावं, हेही मला ठरवता आलेलं नाही.

त्या रविवारी वैष्णवी आली. आम्ही वाचलं, चहा झाला. मग तिने नेहमीसारखं विचारलं, “मावशी, अजून येतो ना?”

मी इयरफोन कानात घातले. तिची एक ओळ ऐकली, पुढची शांतता ऐकली, आणि म्हणाले, “येतो की. अगदी स्पष्ट येतो.”